ड्रायर फिरतो, पण तापत का नाही?

अमेरिकेतल्या कित्येक वसाहतींत बाहेर दोरीवर कपडे वाळत घालायला मनाई असते. त्यामुळे तिथल्या मराठी घरांतही ड्रायर बंद पडला की धांदल उडते. त्यातही सगळ्यात बुचकळ्यात टाकणारा बिघाड म्हणजे ड्रम फिरतोय, आतला दिवा लागतोय, पण तासाभराने कपडे ओले ते ओलेच. मग 'हीटर गेला' म्हणत लगेच नवी कॉइल मागवली जाते. ही घाई करू नका.

मोटर चालतेय म्हणजे वीज पुरेशी येतेय असं नाही. अमेरिकेत घरात विजेच्या दोन तारा येतात. न्यूट्रलशी मोजलं तर प्रत्येकीवर 120 व्होल्ट, आणि दोघींच्या मध्ये 240. इलेक्ट्रिक ड्रायरची मोटर सहसा 120 वर चालते, हीटरला मात्र 240 लागतात. या दोन तारांच्या जोडब्रेकरच्या (एकत्र जोडलेल्या दोन स्विचांच्या) एका बाजूने दगा दिला की ड्रम फिरत राहतो आणि उष्णता गायब होते. म्हणून आधी ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा.

तरीही फरक पडला नाही, तर प्लग काढून मल्टिमीटर हातात घ्या. कॉइलच्या तारा सुट्या करून तिचा रोध मोजा. 5,400 वॉटची कॉइल 240 व्होल्टवर चालते, म्हणजे तिचा रोध साधारण 10.7 ओहम. मीटरने दहाच्या आसपास आकडा दाखवला तर कॉइल शाबूत आहे; काहीच दाखवलं नाही तर ती तुटली आहे.

कॉइल ठीक निघाली तर थर्मल फ्यूज, म्हणजे ड्रायर फार तापला की वीज तोडणारा फ्यूज, बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये पंख्याच्या कवचावर दोन पिनांचा, बोटाच्या पेराएवढा पांढरा तुकडा बसवलेला असतो, तोच हा. चांगल्या फ्यूजचा रोध जवळपास शून्य असतो. एकदा उडाला की तो पुन्हा जुळत नाही, बदलावाच लागतो. (काही मॉडेलमध्ये तो उडाला की मोटरही थांबते.)

पण तो उडाला कशामुळे? खरा प्रश्न हाच आहे आणि दुरुस्ती करताना नेमका तोच विसरला जातो. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2,400 किलोज्यूल, म्हणजे पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी वीज लागते. ही उष्णता आणि वाफ घेऊन हवा पाइपातून घराबाहेर पडते. पाइपात कपड्यांचा तूस, म्हणजे लिंट, साचला की हवा अडते. कॉइल तेवढीच उष्णता ओतत राहते, आतलं तापमान चढतं आणि शेवटी फ्यूज स्वतःचा बळी देतो. पाइप साफ न करता नवा फ्यूज बसवला तर तोही उडणार. फ्यूजच्या जागी तार जोडून काम भागवणं तर सरळ आगीला आमंत्रण आहे, कारण सुका लिंट भुरकन पेटतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 च्या नोंदींवरून घरगुती ड्रायरच्या आगींचा अंदाज वर्षाला 2,900 असा दिला होता. त्यांतलं सर्वांत मोठं कारण होतं सफाई न करणं.

लिंटची जाळी वरवर स्वच्छ दिसली तरी नळाखाली धरून पाहा. ड्रायर शीटचा (कपडे मऊ व्हावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकायच्या पातळ कापडाचा) मेणचट थर बसला असेल तर पाणी जाळीवर साचून राहतं. साबण आणि मऊ ब्रशने ती घासा. मग ड्रायर चालू ठेवून बाहेरच्या भिंतीवरची झडप बघा. ती नीट उघडत नसेल किंवा हवा मंद येत असेल, तर पाइप काढून आतून साफ करा. तो प्लॅस्टिकचा किंवा पातळ फॉइलचा असेल तर त्याच खेपेला चार इंची, कडक धातूचा पाइप बसवून घ्या.