इम्पॅक्ट रेंच : हवेवर चालणारी आणि बॅटरीवर चालणारी

इम्पॅक्ट रेंच (आघाती पाना) : नट-बोल्ट आवळण्याचे व सोडविण्याचे, हातात धरून चालविण्याचे शक्तिचलित हत्यार. साध्या पान्यात हाताचा जोर दांड्याच्या लांबीमुळे वाढतो. आघाती पान्यात मोटर एका जड हातोड्याला गती देते आणि तो ऐरणीवर मिनिटाला साधारण १,००० ते ३,००० ठोके मारतो. ऐरणीच्या पुढच्या टोकाला चौकोनी खुंटी असते व तिच्यावर सॉकेट (गॅरेजच्या बोलीत ‘गोटी’) बसते. प्रत्येक ठोका क्षणभराचा असल्याने त्याची प्रतिक्रिया हातापर्यंत फार थोडी पोहोचते; त्यामुळे मनगट न पिरगळता गंजलेला बोल्ट सुटतो. खुंटीच्या मापावरून (१/४, ३/८, १/२, ३/४ व १ इंच) हत्याराचा वर्ग ठरतो. तारेने वीज घेणारी हत्यारेही आहेत, परंतु निवडीचा खरा प्रश्न संपीडित हवेवर चालणारी ‘हवेची गन’ आणि बॅटरीवर चालणारी गन यांच्यातच येतो.

उगम : आघाती पान्याच्या शोधाचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या एव्हान्सव्हिल येथील रॉबर्ट एच. पॉट यांना देतात. काळ १९३० च्या दशकातला मानणे सुरक्षित आहे. संपीडित हवेवरील हत्यारे मात्र त्याहून बरीच जुनी. आल्प्समधील माँ सनी बोगद्यात जेर्मँ सोमेइए यांची हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे १८६१ पासून वापरात होती.

बॅटरीवरील शाखेच्या उगमाबाबत एक समज रुजला आहे : बिनतारी हत्यारे नासाने अंतराळ-कार्यक्रमासाठी शोधली. कालक्रम पाहता हे पटत नाही. ब्लॅक अँड डेकर कंपनीने पहिले बिनतारी ड्रिल १९६१ मध्येच आणले होते. नासाच्या जेमिनी या अंतराळ-कार्यक्रमाचे काम त्यानंतरचे. त्यात मार्टिन मॅरिएटा कंपनीने ब्लॅक अँड डेकरकडून बोल्ट फिरविणारे एक बिनतारी हत्यार बनवून घेतले. वजनरहित अवस्थेत बोल्ट फिरवताना अंतराळवीर स्वतःच उलटा फिरू नये, ही त्यातील अडचण होती. पुढे अपोलो मोहिमांसाठी चंद्रावरील मातीचे नमुने काढणारे ड्रिल तयार झाले. या सहकार्याने तंत्र पुढे गेले हे खरे, पण जन्म आणि जोपासना यांत फरक करावा लागतो. नासानेही आपल्या प्रकाशनांत हा शोध स्वतःचा नसल्याचे सांगितले आहे. कार्यशाळेतील हवेच्या गनशी बरोबरी करण्याइतकी ताकद मात्र बॅटरीला बऱ्याच उशिरा आली. निकेल-कॅडमियम घटांची जागा लिथियम-आयन घटांनी घेतल्यावर (हत्यारांत सुमारे २००५ पासून) आणि कार्बन ब्रशविरहित मोटर आल्यावर हे शक्य झाले.

यंत्रणा : हवेच्या गनमध्ये पात्यांची मोटर असते. दंडगोलात मध्यापासून सरकवून बसविलेला घूर्णक (फिरणारा भाग), त्याच्या खाचांत आतबाहेर सरकणारी पाती आणि त्या पात्यांना ढकलणारी हवा, इतकीच तिची रचना. भार वाढून ती अडकली तरी जळत नाही. प्रसरण पावणारी हवा तिला उलट थंडच ठेवते. बॅटरीच्या गनमध्ये बहुधा चेंडू-कॅम रचना असते. मुख्य दांड्यावर इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे खोबण असते व त्यातील पोलादी गोळ्यांवर हातोडा सरकतो. विरोध वाढला की हातोडा खोबणीतून मागे जातो, स्प्रिंग दाबली जाते, त्याचे दात ऐरणीपासून सुटतात आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येत तो पुढचा ठोका मारतो. सततच्या कामात बॅटरी व मोटर तापतात, आणि नियंत्रक मंडल वेग कमी करते किंवा हत्यार बंद करते.

बॅटरीवरील ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट’ हा भेद बहुतांशी लेबलापुरता आहे. दोन्हींत पाच घट एकसरीत (एकामागोमाग जोडलेले) असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरले तर १८, पूर्ण भारित अवस्थेतील सुमारे ४ धरले तर २०.

निवड : छापील टॉर्कचा (पिळाच्या जोराचा) आकडा निवडीचा आधार होऊ शकत नाही, असे या नोंदीचे मत आहे. आघाती पान्याचा टॉर्क सरळ मोजता येत नाही. बोल्टची लांबी, सांध्याचा ताठरपणा व ठोक्यांचा काळ यांनुसार तो बदलतो. शिवाय बोल्ट सोडवितानाचा आकडा आवळतानाच्या आकड्यापेक्षा मोठा असतो आणि जाहिरातीत बहुधा तोच झळकतो. मोटारीच्या चाकाचा नट साधारण १०० ते १५० न्यूटन-मीटरला आवळतात. १/२ इंची गनवर १,००० न्यूटन-मीटरहून अधिक आकडा असतो तो गंज आणि जाम झालेल्या आट्यांसाठी, आवळण्यासाठी नव्हे.

हवेच्या गनची खरी ताकद तिच्यामागच्या हवेत असते. तिचे मापन सुमारे ६.२ बार (९० पीएसआय) दाबाला केलेले असते, आणि तो दाब ट्रिगर दाबलेला असताना गनच्या तोंडाशी मिळायला हवा. कॉम्प्रेसरच्या टाकीवरील काट्याचा आकडा येथे उपयोगाचा नाही. अरुंद नळी, लांब अंतर व द्रुतजोडणीचे छोटे तुकडे यांत दाब उतरतो. १/२ इंची गनला किमान ३/८ इंच आतील व्यासाची नळी द्यावी. हवेच्या खपाच्या आकड्यातही मेख आहे. मिनिटाला ४ ते ५ घनफूट हा ‘सरासरी’ खप गन मिनिटातील पाव वेळच चालते असे धरून काढलेला असतो. ट्रिगर सतत दाबून ठेवल्यास तो २० घनफुटांच्या घरात जातो. छोटा कॉम्प्रेसर पहिले दोन-तीन नट झटक्यात सोडवितो आणि नंतर गन नुसती घरघरते. अशा वेळी दोष बहुधा गनचा नसून टाकीचा असतो.

म्हणून पुरेसा कॉम्प्रेसर, नीट टाकलेली वाहिनी व दिवसभर एका जागी चालणारे काम असेल, तर हवेची गन अजून सरस ठरते. ती हलकी व तुलनेने स्वस्त असते आणि बॅटरी बदलण्यासाठी थांबावे लागत नाही. गाळणी, दाबनियंत्रक व रोज काही थेंब तेल ही तिची देखभाल. रस्त्यावरील दुरुस्ती, उंचावरील काम किंवा अधूनमधूनचा वापर यांसाठी मात्र बॅटरीच योग्य. कॉम्प्रेसर नसताना केवळ गनसाठी तो घेणे आज समर्थनीय वाटत नाही. ऊर्जेचा हिशेबही बॅटरीच्या बाजूचा आहे, कारण हवा दाबताना बरीचशी वीज उष्णतेत जाते. कडाक्याच्या थंडीत दोघींचीही अडचण होते : हवेतील बाष्प गोठते, बॅटरीची क्षमता घटते, आणि शून्य अंशाखाली लिथियम-आयन बॅटरी भारित करू नये. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास बॅटरीत ९० वॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे विमानप्रवासात सामान्यतः लागू असलेल्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेच्या जेमतेम आत.

दक्षता : क्रोम मुलामा दिलेले हाताचे सॉकेट ठोक्यांनी फुटू शकतात, आघातासाठी बनविलेले काळे क्रोम-मॉलिब्डेनम सॉकेटच लावावेत. चाकांचे नट गनने फक्त टेकवून शेवटचा पीळ टॉर्क रेंचने (ठरविलेल्या टॉर्कला आवळणाऱ्या हातपान्याने) द्यावा. लावलेल्या टॉर्कपैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्टच्या ताणात उतरतो, बाकीचा घर्षणात जातो, आणि किती ठोके बसले यावरून तो ताण भरवशाने ओळखता येत नाही. ज्वालाग्राही वायू असलेल्या ठिकाणी हवेची गन सुचविली जाते, तरी पोलादावर पोलाद आपटून ठिणगी उडू शकतेच. गोंगाट दोन्हींचा कानाला घातक आहे. हाताला बसणाऱ्या कंपनासाठी युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने आठ तासांच्या कामावर आधारित २.५ मीटर/सेकंद² ही कृतिमर्यादा (जिच्यापुढे उपाय करावे लागतात) व ५ मीटर/सेकंद² ही कमाल मर्यादा ठरविली आहे. गनचे घोषित कंपन-मूल्य त्यांच्याशी ताडताना रोज ट्रिगर प्रत्यक्ष किती वेळ दाबला जातो, हेही मोजावे लागते.