आंब्याच्या खोडावरचे राखाडी चट्टे झाड खात नाहीत

‘सालीवर राखाडी-पांढरे चट्टे उठले की ती बुरशी झाडाचा रस शोषते, खरवडून चुना लावा, नाहीतर झाड वाळेल.’ हा निरोप दर पावसाळ्यात फिरतो. वडोदऱ्यात आमच्या वाड्यामागच्या आंब्यालाही त्यापायी एकदा तारेचा ब्रश सोसावा लागला.

असं वाटण्याला कारण आहे. वाळत्या फांद्यांवर हे चट्टे खरंच जास्त दिसतात. पण क्रम उलटा: आधी पानं गळतात, मग सालीवर ऊन पोचतं आणि चट्टे पसरतात.

हे दगडफूल, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंड. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. शेवाळ उन्हात अन्न करतं, बुरशी आसरा देते. पाणी आणि क्षार पावसातून, हवेतून मिळतात. मुळं नाहीतच, फार तर सालीला धरून राहण्यापुरते बारीक तंतू. मैदानी भागात आंब्यावर नेहमी आढळणारी पिक्सिन कोकोज ही जात तर रस्त्याकडेचा धूरही बऱ्यापैकी सोसते.

पडताळा घरीच घ्या. चट्ट्यावर पाणी शिंपडा, थोड्या वेळात हिरवट झाक येते. ते आतलं शेवाळ. नखाने कडा उचला, खालची साल शाबूत असते. मग कंपाउंडची जुनी भिंत बघा. तिथेही असेच चट्टे असतात, आणि भिंतीत कसला आलाय रस? (कापसासारखं, चिकट काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, त्याचा उपाय वेगळा.)

ब्रशने मात्र साल सोलवटते, आणि त्या जखमेतून खरी रोगट बुरशी आत शिरू शकते.