शनी की मीनास्य?

पाऊस परतला आणि आकाश निवळलं की ऑक्टोबरमध्ये रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा. आकाशाच्या त्या भागात ठळक तारे फार कमी. त्यामुळे समोर एकच तेजस्वी ठिपका दिसला की बरेच जण ‘हाच शनी’ म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा तो असतो मीनास्य, म्हणजे मोबाइल ॲपमध्ये ‘फोमलहॉट’ नावानं दिसणारा तारा. 2025 आणि 2026 च्या शरदात खरा शनी त्याच्या डावीकडे, बऱ्याच वर असतो. हात लांब करून मूठ धरली तर साधारण 10 अंश मोजता येतात. त्या हिशेबानं दोघांमध्ये तीन-चार मुठींचं अंतर आहे.

‘तारा लुकलुकतो, ग्रह लुकलुकत नाही’ हा नियम इथे पुरेसा नाही. लंडनहून मीनास्य क्षितिजापासून जेमतेम 9 अंश वर येतो, म्हणून तिथे तो सतत थरथरतो. मुंबईहून तो 41 अंशांपर्यंत चढतो आणि हवा शांत असेल तर बराच स्थिर दिसतो. उलट नुकता उगवलेला शनीही थोडा थरथरतो. तेजावरही विसंबू नका: मीनास्याची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) 1.2, तर 2025 च्या प्रतियुतीला, म्हणजे पृथ्वीवरून पाहता शनी सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला तेव्हा, शनीची 0.6. शनी उजळ खरा, पण दोघं एकमेकांपासून इतके दूर की नुसत्या नजरेनं तुलना कठीण. रंग मात्र मदतीला येतो. मीनास्य पांढराशुभ्र, शनी पिवळसर.

माझा सगळ्यात जास्त भरवसा चंद्रावर. चंद्र आणि ग्रह क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या, आसपासच फिरतात. मीनास्य त्या वाटेच्या 21 अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे चंद्र त्याच्याजवळ कधीच जात नाही. शनीला तो दर महिन्याला गाठतो. 2025 ची कोजागरी 6 ऑक्टोबरला होती. तेव्हा चंद्राच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर जो ठिपका होता, तो शनी. पंचांगही कामाचं आहे. त्यात या दोन्ही वर्षी शरदात शनी मीन राशीत दिला आहे आणि आकाशातही तो त्याच बाजूला आहे. मीनास्य त्या राशीतला नाही, तो दक्षिण मत्स्य या वेगळ्या तारकासमूहातला.

चंद्र नसेल तर भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. पूर्वा भाद्रपदाच्या दोन तारका ही त्याची पश्चिमेकडची बाजू. ती रेघ दक्षिणेकडे त्याच बाजूच्या साडेतीन पट वाढवली की थेट मीनास्य. ही खूण दरवर्षी तशीच राहते. शनी मात्र वर्षाला सुमारे 12 अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणून त्याची प्रतियुती 2025 मध्ये 21 सप्टेंबरला, 2026 मध्ये 4 ऑक्टोबरला आणि 2027 मध्ये 18 ऑक्टोबरला.

जवळ छोटी दुर्बीण असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. तीस पट वर्धनात शनीची कडी दिसते. मार्च 2025 मध्ये ती आपल्याला कडेवरून दिसत होती, त्यामुळे त्या शरदात नुसती बारीक रेघ होती. आता ती दरवर्षी उघडत जाईल. मीनास्य मात्र कितीही वाढवला तरी बिंदूच राहतो. त्याच्याभोवतीही धुळीची कडी आहेत, पण 25 प्रकाशवर्षांवरची ती पाहायला हबल आणि वेबसारख्या दुर्बिणी लागल्या.