खुलासा : भर हंगामात ग्रीनला भोके का पाडतात?
खेळ चालू असताना गोल्फच्या ग्रीनला, म्हणजे चेंडू ज्या खळगीत ढकलायचा तिच्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला, भोके पाडणे म्हणजे चांगली हिरवळ नासवणे, ही कामे थंडीत उरकावीत, हा जुना समज चुकीचा आहे आणि त्यापायी गवताचे खरोखरच नुकसान होते. पावलांनी आणि कापणी यंत्राच्या वजनाने वरचा थर दबतो, पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही. म्हणून पोकळ दात्यांनी साधारण १२ मिलिमीटर जाडीच्या मातीच्या कांड्या काढून त्या जागी कोरडी वाळू भरतात. अशी कांडी हातात घेतली, तर वरच्या टोकाला अर्धवट कुजलेल्या काड्यामुळांचा काळपट, चिवट थर स्पष्ट दिसतो.

उष्ण प्रदेशात ग्रीनवर बहुधा बर्म्युडा, म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातले गवत असते. ते उष्ण, दमट दिवसांत जोमाने वाढते, तेव्हा भोके दोन-तीन आठवड्यांत बुजतात. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, वाढ मंदावते आणि तीच भोके बराच काळ उघडी राहतात. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या गवताच्या लांब पट्ट्यावर, काळी माती असल्यास ती ओली असताना मात्र यंत्र मुळीच घालू नये. मोठ्या नूतनीकरणातही अठरा होलच्या (खेळाच्या टप्प्यांच्या) मैदानात नऊ होल बंद ठेवून उरलेल्या नऊवर खेळ चालू ठेवता येतो.