खोली महागडी म्हणजे उपचार चांगले?

"कॅन्सर झाला तर कर्ज काढा, पण मोठ्या खासगी रुग्णालयातच जा, सरकारी, धर्मादाय ठिकाणी दुय्यम उपचार होतात." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. पुढे पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात. पण त्यापायी कुणी शेत विकायला निघतं, म्हणून हा खुलासा.

केमोचं औषध ठरतं ते कॅन्सर कुठला आणि कितव्या टप्प्याचा यावर. डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल ही नेहमीच्या वापरातली औषधं दोन्हीकडे तीच असतात. एसी खोलीचं भाडं बिलात चढतं, सलाईनमध्ये नाही. काही नवी, महाग औषधं मात्र सगळीकडे मिळतीलच असं नाही. तेवढं आधी विचारून घ्यावं.

खरा फरक कुठे पडतो? स्तनाचा कॅन्सर घ्या. बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टात ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का, ते सांगणाऱ्या चाचण्या) आणि हर-टू (गाठीतल्या एका प्रथिनाची चाचणी) या तिन्हींचे निकाल आहेत का, ते पाहा. त्यांच्याशिवाय औषधांची दिशाच नीट ठरत नाही. मग विचारा: सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केस ठरवतात का? अशी ऑपरेशनं इथे वर्षाला किती होतात? उपचार कोणत्या तारखेला सुरू होतील?

तारखेच्या बाबतीत गर्दीची सरकारी रुग्णालयं मागे पडू शकतात, हे मान्यच करायला हवं. रेडिएशनची रांग लांबत असेल तर दुसरीकडे चौकशी जरूर करा.

निदानाबद्दल शंका असेल तर बायोप्सीच्या स्लाइड (काचेवरचे पातळ काप) आणि ज्यात तो तुकडा जपून ठेवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला (असे नमुने तपासणाऱ्या डॉक्टरला) तेच दाखवता येतात, बहुतेक वेळा पुन्हा सुई टोचावी लागत नाही.