'एएस' लिहिलंय, पण कुठलं?

धडगाव, अक्कलकुवा किंवा चोपडा-यावलच्या सातपुडा पट्ट्यातल्या माणसाच्या केसपेपरवर 'एएस' दिसलं, की इथला डॉक्टर आधी सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार) धरतो. भिल्ल-पावरा समाजांत सिकलसेल बराच आढळतो, त्यामुळे हा अंदाज सहसा चुकत नाही. 'ए' म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आलेलं नेहमीचं हिमोग्लोबिन, 'एस' म्हणजे दुसऱ्याकडून आलेलं सिकलचं. असा माणूस वाहक असतो, रुग्ण नव्हे. रुग्ण तो 'एसएस'.

तोच कागद हर्नियाच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला किंवा जळगावला पोचला, की भूलतज्ज्ञ थबकतो. हृदयवाल्यांचं 'एएस' म्हणजे एऑर्टिक स्टेनोसिस. यात महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप अरुंद होते. ती वाट १ चौरस सेंटिमीटरहून लहान झाली, तर दुखणं गंभीर. अशा माणसाला कमरेत भूल दिली की रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब झपकन उतरतो आणि अरुंद झडपेपायी हृदयाला ती तूट भरून काढता येत नाही. सांधेवाल्यांचं 'एएस' म्हणजे अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस. त्यात मणके एकमेकांना जखडतात, कमरेत सुई नीट शिरत नाही. मान वाकत नसेल तर पूर्ण भूल देताना श्वासनळीत नळी घालणंही जिकिरीचं. सिकलच्या वाहकाला मात्र बहुतेक वेळा नेहमीचीच भूल चालते. (कानाच्या थेंबांच्या चिठ्ठीत 'एएस' म्हणजे डावा कान. लॅटिनची कृपा!)

त्यामुळे शेजारचा मजकूर वाचायचा. 'हिमोग्लोबिन पॅटर्न' असेल तर सिकल, इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात 'ग्रेडियंट' (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) असेल तर झडप, 'एचएलए-बी२७' ही रक्तचाचणी असेल तर मणके. केसपेपरवर 'सिकलसेल वाहक' असं पूर्ण लिहून घेतलं, तर ही शोधाशोधच उरत नाही.

सिकलचं 'एएस'सुद्धा नुसत्या सोल्युबिलिटी चाचणीवरून (रक्त द्रावणात मिसळून ते गढूळ होतं का ते बघतात) लिहू नये. तिथलं द्रावण वाहकाचंही गढूळ होतं आणि रुग्णाचंही. फरक कळतो तो हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीत: वाहकात 'एस' साधारण ३५ ते ४० टक्के आणि 'ए' त्याहून जास्त, 'एसएस'मध्ये 'ए' नसतोच. नुकतंच रक्त चढवलं असेल, तर दात्याचा 'ए' मिसळून 'एसएस'वालाही वाहकासारखा दिसतो. तपासणी मग सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा करावी. सहा महिन्यांखालच्या बाळात 'एस' कमी असतो, म्हणून सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तरी ती धरायची नाही; बाळाचे आईबाप दोघेही 'एएस' असतील तर मुळीच नाही, कारण त्यांच्या प्रत्येक अपत्याला 'एसएस' असण्याची शक्यता २५ टक्के असते.