वाणीचा पाला: कीड मारणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं

वाणी पाळायला लागले त्या पहिल्या पावसाळ्यात मी त्यांच्यासाठी आणलेला पाला चक्क कुकरला लावला. वाणी म्हणजे तोच अनेक पायांचा किडा, हात लागला की नाण्यासारखं वेटोळं करणारा. कुणी त्याला पैसा म्हणतं. तीन शिट्ट्या, मग बारीक गॅसवर अर्धा तास. जिवंत म्हणून काही शिल्लक राहायला नको, असा हिशोब. पाचव्या दिवशी डबा उघडला तर पाल्यावर हिरव्या बुरशीची साय धरलेली आणि दोन्ही वाणी भिंतीवरून चढून झाकणाच्या कडेला चिकटलेले. आईने तो कुकर पुन्हा वरणाला लावू दिला नाही, ते वेगळंच.

घोळ शब्दाचा होता. ‘पाला साफ करून घाल’ असं मला सांगितलं होतं, मी ते ‘निर्जंतुक करून घाल’ असं ऐकलं.

बाहेरून आणलेल्या पाल्यात नको असलेली मंडळी म्हणजे गोम, मुंग्या, कोळी, गोगलगाईची अंडी, कोळीवर्गातले बारीक किडे. गोम तर वाणीवरच ताव मारू शकते. ही सगळी मरायला फार उष्णता लागत नाही; साठ-सत्तर अंशांच्या पुढे ती काही मिनिटांत संपतात. निर्जंतुक करणं ही वेगळीच पायरी आहे. जिवाणूंचे बीजाणू (त्यांची चिवट, सुप्त रूपं) नुसत्या उकळीला दाद देत नाहीत, त्यांना १२१ अंश आणि दाबाखालची वाफ लागते. म्हणजेच साधारण आपला कुकर. तेव्हा माझा पाला खरोखरच निर्जंतुक झाला असेल, पण झाकण उघडेपर्यंतच. त्यानंतर हवेतली जी बुरशी आधी येऊन पडली, तिला सगळं रान मोकळं मिळालं. अडवायला कोणी उरलंच नव्हतं.

धिंगरी अळिंबी, म्हणजे एक प्रकारचं मशरूम, करणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. अळिंबीच्या बियाण्यासाठी गहू किंवा ज्वारी ते दाबाखाली पूर्ण निर्जंतुक करतात, कारण ते दाणे बंद पिशवीत राहायचे असतात. ज्यावर अळिंबी वाढते ते काड (पेंढा) मात्र ८० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात आणि निथळून भरतात. कीड आणि नको ती बुरशी मरते, उष्णता सोसणारे काही जिवाणू तगून राहतात आणि उपटसुंभ बुरशीला सहज पाय रोवू देत नाहीत. वाणीचा डबा दिवसातून दोनदा उघडणारा. त्याला काडाचा न्याय लावायचा, बियाण्याचा नाही.

शिवाय वाणी नुसतं पान खात नाही. बुरशी आणि जिवाणूंनी मऊ केलेलं पान, त्यांच्यासकट, हे त्याचं जेवण. कडकडीत वाळलेलं, शिजवून मेलेलं पान त्याच्यापुढे टाकणं म्हणजे पाहुण्याला कोरडे तांदूळ वाढण्यासारखं आहे.

आता मी असं करते. आंब्याची, फणसाची जाड पानं असतील तर बादलीत घालून वर उकळतं पाणी ओतायचं आणि झाकून तासभर ठेवायचं. पाणी कोऱ्या चहासारखं होतं, ते फेकून द्यायचं. उंबर, बदाम अशी लवकर मऊ होणारी पानं पाण्यात ठेवली तर त्यातलं सत्त्व निघून जातं; ती जुन्या मोदकपात्रात, वाफ धरल्यापासून अर्धा तास. भांडं यासाठी वेगळंच ठेवायचं. कुकर नकोच: पाल्याचा कचरा वाफेच्या नळीत अडकला तर भलतंच काही व्हायचं. आणि कोरडं लाकूड मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको, आतून पेट घेतं.

पाला गार झाला की विरजण. जुन्या डब्यातली मूठभर माती, वाणीच्या लेंड्यांसकट, नव्या पाल्यात कालवायची. दुधात जे काम चमचाभर दही करतं तेच इथे. ओल किती? मूठ दाबली की एखादा थेंब सुटावा, धार लागू नये. दहा-बारा दिवसांत पानांवर पांढरे धागे दिसले तर घाबरायचं कारण नाही. तो हिरवा थर वेगळा, आणि एकदा पाहिला की कधी विसरत नाही.

लाकडाचं थोडक्यात. पांढरट, ओलसर, नखाने धागे सुटणारं कुजकं लाकूड घ्यावं. तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटणारं नको, त्यात खाण्यासारखं फार उरलेलं नसतं.

आता ज्याच्यापुढे वाफ आणि कुकर दोन्ही सारखेच निरुपयोगी आहेत ते म्हणजे विष. उष्णतेने जीव मरतो, फवारलेलं औषध जाईलच असं नाही. हापूसच्या बागांत तुडतुड्यांसाठी मोहोराच्या आसपास फवारण्या होतात. तिथला पाला कितीही वाफवला तरी माझा भरवसा नाही. सोसायटीत डासांसाठी धूर मारतात त्या झाडाखालचाही नको. काही झाडं तर मुळातच बाद: कडुनिंब, कण्हेर, निलगिरी, आणि बांधावर लावतात ती गिरिपुष्प. तिला उंदीरमारी म्हणतात ते उगाच नाही. अभयारण्यातून तर पानही उचलायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा प्रश्न येतो. ओळखीच्या घरचं, कधी न फवारलेलं एखादं आंब्याचं झाड सापडलं तर वर्षभराची चिंता मिटते.

हे सगळं नव्याने बाहेरून आणलेल्या मालासाठी. डब्यातला जुना थर मात्र ‘एकदा वाफवून परत घालू’ म्हणून कधीही काढू नका. मादी मातीतच अंडी घालते, आणि फुटून आलेली पिल्लं इतकी बारीक, पांढरी असतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत. पायांच्या जेमतेम तीन जोड्या घेऊन ती त्याच जुन्या लेंड्यांवर वाढत असतात.